दत्तक ठरलं, तयारी झाली आणि ऐनवेळी फिसकटलं: पुढे काय?

शेवंती
फॉर्म भरून झाला, संस्थेची माणसं घर बघून गेली, नाव ठरलं, गादी आणि वाट्या आणून ठेवल्या. आणि आणायच्या आदल्या दिवशी निरोप येतो की हे पिल्लू आता देता येणार नाही. कुत्रा किंवा मांजर दत्तक घेऊ पाहणाऱ्या कितीतरी घरांत हे घडतं. पुढे काय करायचं, हे मात्र प्रत्येक जण अंधारात चाचपडत शिकतो. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. हे दुःख खरं आहे. "घरात आलंच नव्हतं, त्याचं एवढं काय" असं जवळची माणसं म्हणतात तेव्हा ते आणखी लागतं. फोटो बघणं, नाव ठेवणं, त्याच्यासाठी कोपरा रिकामा करणं यातच जीव गुंतलेला असतो. पण त्या दुःखाच्या भरात दोन चुका होतात. एक, त्याच दिवशी दुसरं कुठलं तरी पिल्लू उचलून आणणं. दुसरी, "आपल्या नशिबातच नाही" म्हणून विषय कायमचा बंद करणं.

जाणकारांनी लिहावं: नकाराची कारणं कोणती, त्यातली तात्पुरती कोणती, आणलेल्या सामानाचं काय करायचं, मुलांना कसं सांगायचं आणि दुसऱ्याचा विचार कधी करायचा.

रानजाई
चांगला धागा. पहिलं काम म्हणजे नेमकं कारण विचारून घेणं. "काही अडचण आली" हे कारण नव्हे. जनावर आजारी पडलं, मूळ मालक आला, कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्या तात्पुरत्या पालकांनीच (फॉस्टर) ठेवून घेतलं, दुसऱ्या घराला दिलं, की तुमच्या घरात काही कमी दिसलं, या पाच गोष्टींनंतरची पावलं पूर्णपणे वेगळी आहेत. कारण कळलं की निम्मी घालमेल कमी होते, कारण मग मन रात्रभर स्वतःलाच बोल लावत बसत नाही.

काजवा
+१. आणि कारण लेखी मागा, साध्या मेसेजमध्ये चालेल. फोनवर ऐकलेलं त्या मनःस्थितीत नीट लक्षात राहत नाही.

डॉ_पिंपळपान
आजाराच्या कारणांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच "कधीच नाही" आणि "थोडं थांबा" यांची गल्लत होते.

पिल्लाला पार्व्हो (उलट्या-जुलाब करणारा, कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला असेल तर संस्था त्याला देत नाही, ते बरोबरच आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी १४ पर्यंत. म्हणून काल उड्या मारणारं पिल्लू आज आडवं पडलेलं दिसतं आणि लोकांना वाटतं संस्थेने लपवलं. बहुतेक वेळा तसं नसतं. उपचार वेळेत सुरू झाले तर बरीच पिल्लं वाचतात. तेव्हा "बरं झाल्यावर आमचा विचार कराल का" हे जरूर विचारा.

मांजरांत नाक-डोळे वाहणारी सर्दी असेल तर सहसा एक-दोन आठवड्यांचा प्रश्न असतो. भूल देण्यात धोका म्हणून नसबंदी पुढे ढकलली जाते आणि नसबंदीशिवाय द्यायचं नाही असा नियम असेल तर दत्तकही पुढे जातं. हा नकार नाही, तारीख बदलली आहे.

गजकर्णाला वेळ लागतो. ही बुरशी माणसालाही होते. औषधी अंघोळ किंवा लेप आठवड्यातून दोनदा, शिवाय तोंडाने औषध, आणि सोडताना अनेक ठिकाणी लागोपाठ दोन कल्चर (नमुन्यातून बुरशी वाढते का ते बघणारी तपासणी) निगेटिव्ह लागतात. एकेका कल्चरला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे दीड-दोन महिने सहज जातात. घरात तान्हं बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल तर थांबणंच योग्य.

हार्टवर्म (हृदयात आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढणारे जंत) निघालेल्या मोठ्या कुत्र्याचे उपचार काही महिने चालतात आणि त्या काळात त्याला धावू-उड्या मारू द्यायचं नसतं, कारण मेलेले जंत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अडकतात. घर शांत असेल तर काही संस्था त्याला उपचार चालू असतानाच फॉस्टर म्हणून देतात आणि नंतर दत्तक पक्कं करतात. हा मार्ग विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

मऊपंजा
डॉक्टर, मांजरांच्या एफआयव्ही आणि एफईएलव्ही या दोन विषाणूंबद्दलही लिहा ना. "पॉझिटिव्ह आलं" या दोन शब्दांवर सर्वात जास्त दत्तकं मोडतात असं वाटतं.

डॉ_पिंपळपान
@मऊपंजा, बरोबर. एफआयव्हीची नेहमीची टेस्ट अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) बघते. आईकडून आलेल्या अँटिबॉडी पिल्लाच्या रक्तात काही महिने राहतात. त्यामुळे ६ महिन्यांच्या आतलं पिल्लू पॉझिटिव्ह आलं तर त्याला संसर्ग आहेच असं नाही. ६ महिन्यांनंतर पुन्हा टेस्ट करायची. एफईएलव्हीची टेस्ट विषाणूचा अंश बघते, तिथे हा घोटाळा नाही, पण पॉझिटिव्ह आलं तर वेगळ्या पद्धतीच्या टेस्टने खात्री करतात.

खरंच एफआयव्ही असलं तरी घरात राहणारं मांजर अनेक वर्षं उत्तम जगू शकतं. तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणजे आधीची मांजरं भांडखोर नसतील तर धोका कमी. एफईएलव्ही मात्र एकमेकांना चाटण्यातून, एका वाटीतून खाण्यातूनही पसरतो. घरी आधीच निरोगी मांजर असेल तर तिथे "नाही" हेच उत्तर.

सागरगोटा
मला संस्थांचं वागणं पटत नाही. माणसं आठवडाभर तयारी करतात आणि शेवटच्या दिवशी दोन ओळींचा मेसेज. मूळ मालक येऊ शकतो हे संस्थेला आधीपासून माहीत असतं ना? मग फोटो टाकायचेच कशाला?

रानजाई
@सागरगोटा, राग समजतो, पण फोटो टाकण्याचा एक हेतू मालकाने बघावं हाही असतो. सापडलेल्या जनावरासाठी ठरावीक दिवस मालकाची वाट पाहायची मुदत असते, ती ठिकाणानुसार बदलते. म्हणून जीव गुंतवण्याआधीच विचारायचे प्रश्न सांगते. वाट पाहायची मुदत संपली का? मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) स्कॅन केली का, आणि एकाहून जास्त वेळा केली का? (चिप खांद्यांच्या मधून सरकून पायाकडे जाऊ शकते, एका घाईच्या स्कॅनमध्ये सुटते.) चिपचा १५ अंकी नंबर कोणाच्या नावावर आहे? सध्या हे जनावर संस्थेच्या मालकीचं आहे की फक्त ताब्यात आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "ताब्यात" असेल तर भेटायला जा, पण मुलांना नाव ठेवायला सांगू नका.

संस्थेने मात्र ही स्थिती पहिल्याच फोनवर सांगायला हवी, तिथे तुमच्याशी सहमत.

चिमणराव
आणि ज्यांचं हरवलेलं जनावर परत मिळालं त्या घराचाही विचार करू या. तिथे आज काय आनंद असेल!

सागरगोटा
हे मान्य. तो एकच नकार असा आहे ज्यात जनावराचं भलंच झालं.

ओलीमाती
फॉस्टर पालकांनीच ठेवून घेतलं तरी भलंच झालं की! ते जनावर त्या घरात आधीच रुळलेलं असतं. लागतं ते वेगळ्या कारणाने, कारण इथे दोष द्यायला कुणीच नसतं. फॉस्टर घरातलं जनावर निवडताना थेट विचारा: "तुम्ही याला ठेवून घ्यायचा विचार करताय का?" उत्तर देताना आवाज अडखळला तर समजा.

तांबूस_शेपटी
घरातल्या आधीच्या कुत्र्याशी जमलं नाही म्हणून नकार मिळाला असेल तर भेट कशी घेतली ते तपासा. निवाऱ्याच्या अरुंद खोलीत, दोघांचे पट्टे ताणलेले, समोरासमोर: अशी भेट बिघडण्यासाठीच असते. पट्टा ताणलेला असला की कुत्र्याला मान वळवून "मला भांडायचं नाही" हे सांगताच येत नाही.

नीट भेट अशी. दोघांपैकी कुणाचीच नाही अशी मोकळी जागा. दोन माणसं, एकेक कुत्रा. सुरुवातीला ८-१० मीटर अंतर ठेवून एकाच दिशेला समांतर चालायचं, पट्टे सैल. दोघंही जमीन हुंगायला लागले, अंग सैल दिसलं की अंतर हळूहळू कमी करायचं. साधारण २०-३० मिनिटं चालून झाल्यावर वळसा घेऊन मागच्या बाजूने तीन सेकंद हुंगू द्यायचं आणि गोड बोलवून पुढे न्यायचं. खेळणी, खाऊ, वाट्या आसपास नकोत. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, नजर रोखलेली दिसली की अंतर वाढवायचं. ओरडायचं नाही.

पहिल्या भेटीत गुरगुरणं म्हणजे निकाल नाही. गुरगुरणं ही सूचना आहे. चावून पकड न सोडणं, अंतर वाढवल्यावरही न शांत होणं, हा निकाल. अशी दुसरी भेट मिळेल का, हे संस्थेला विचारायला हरकत नाही.

मऊपंजा
मांजरांसाठी तर एका भेटीत काहीच ठरत नाही. नव्या मांजराला वेगळी खोली, आधी वासाची देवाणघेवाण (एकाचं कापड दुसऱ्याच्या जागेत), मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग जाळीतून दर्शन. यात एक-दोन आठवडे जातात, बुजरं असेल तर महिना. त्यामुळे "पाच मिनिटांत फिस्कारलं म्हणून जमणार नाही" असं कुणी म्हणत असेल तर वेगळ्या खोलीची तयारी आहे हे त्यांना सांगून बघा.

काजवा
घर नापास झाल्याची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. ही सर्वात दुरुस्त होण्यासारखी आहे.

मांजरासाठी: खिडक्या आणि गॅलरीला ताणून बसवलेली जाळी हवी. जाळीचा डोळा ३ सेंमीच्या आसपास, कारण लहान पिल्लाचं डोकं ५ सेंमीच्या फटीतून आरामात जातं आणि डोकं गेलं की अंगही जातं. कबुतरांसाठी लावलेली पातळ नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं. मजबूत विणीची किंवा तारेची हवी, वर-खाली दोन्हीकडे हुकांनी पक्की. डासांची जाळी मांजराचं वजन पेलत नाही. घरात लिली असेल तर ती काढा. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मांजराच्या किडनीला घातक.

कुत्र्यासाठी: कुंपणाखालच्या फटी आणि फाटकाची कडी. कुत्री उडी मारूनच नाही, या दोन ठिकाणांतूनही पळतात.

दुरुस्ती करून त्याच कोनातून फोटो पाठवा. "आता केलं आहे, बघून घ्या" हा मेसेज घेऊन येणारी घरं संस्थांच्या लक्षात राहतात.

गोधडी
घरमालकाने ऐनवेळी परवानगी नाकारली तर?

काजवा
तर जनावराचा शोध थांबवून आधी लेखी परवानगी. त्यात जनावराचा प्रकार, मोठं झाल्यावरचं अंदाजे वजन आणि संख्या लिहिलेली असावी. तोंडी "चालेल हो" वर पुन्हा तयारी करू नका. तीच निराशा दुसऱ्यांदा येईल.

ओलीमाती
ॲलर्जीमुळे मोडलेल्या दत्तकांबद्दल: मांजराच्या ॲलर्जीचं मुख्य कारण केस नसून फेल-डी-१ नावाचं प्रथिन आहे. ते लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत असतं. म्हणून "केस कमी गळणारं आणा" हा सल्ला कामाचा नाही, आणि पूर्णपणे ॲलर्जीमुक्त अशी जात नाही. मांजर निघून गेल्यावरही घरात ते काही महिने टिकतं. निवाऱ्यात शिंका आल्या म्हणून लगेच निर्णय घेऊ नये, तिथे अनेक मांजरांचं मिश्रण, धूळ, फिनेल सगळंच असतं. जमल्यास ते एकच मांजर असलेल्या फॉस्टर घरी तासभर बसा, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा जा. दमा असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच.

गोधडी
आणलेल्या सामानाचं काय? दिसलं की पोटात कालवतं.

रानजाई
@गोधडी, फेकू नका आणि लगेच वाटूनही टाकू नका. मोठ्या पिशवीत घालून नजरेआड ठेवा. कोरड्या खाण्याची पिशवी न उघडलेली असेल तर तारीख बघून परत करा किंवा संस्थेला द्या. उघडलेली असेल तर मूळ पिशवीतच, तोंड बंद करून, साधारण सहा आठवड्यांत संपायला हवी. गळपट्टा आणि हार्नेस मापाचे असतात, पुढच्या जनावराला बसतीलच असं नाही, ते परत करा. पिंजरा, वाट्या, मांजराच्या शी-शूच्या मातीचा ट्रे ठेवा. नाव कोरलेला बिल्ला मुलांना ठेवायचा असेल तर ठेवू द्या.

एक अपवाद. पिल्लू आजारी होतं आणि ते तुमच्याकडे एकदा येऊन गेलं असेल, तर सामान दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

डॉ_पिंपळपान
रानजाईंच्या अपवादाला जोडून, कारण हे फार महत्त्वाचं आहे. पार्व्होचा विषाणू मातीत वर्षभर, अनुकूल जागी त्याहूनही जास्त टिकतो. साधं फिनेल त्याला मारत नाही. फरशीसाठी पद्धत: आधी साबणाच्या पाण्याने घाण पूर्ण काढा, कारण मळ राहिला तर ब्लीच निकामी होतं. लघवीचा अंशही राहू देऊ नका, त्यातल्या अमोनियाशी ब्लीचचा विषारी वायू होतो. मग १ लिटर पाण्यात सुमारे ३० मिली साधं घरगुती ब्लीच, त्याच दिवशी बनवलेलं, १० मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. ॲसिडच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका. गादी, मऊ खेळणी टाकून दिलेली बरी. माती आणि हिरवळीवर ब्लीच चालत नाही.

अशा घरात पुढचं जनावर पूर्ण लसीकरण झालेलं मोठं कुत्रं असावं. पिल्लूच हवं असेल तर लसींचा क्रम १६ आठवड्यांचं वय उलटेपर्यंत पूर्ण झालेलं घ्या. आईच्या अँटिबॉडी आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकतात, म्हणून शेवटचा डोस १६ आठवड्यांना किंवा नंतर पडणं महत्त्वाचं. मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या आजारालाही हीच काळजी, तो विषाणू त्याच कुळातला.

शेवंती
हे सगळं अमूल्य आहे. मुलांना सांगण्याबद्दल कुणी लिहाल का?

चिमणराव
लहान मुलांना सर्वात आधी वाटतं, "मी काही केलं म्हणून आलं नाही." म्हणून पहिलं वाक्य तेच हवं: "तू काहीही चुकीचं केलं नाहीस." मग खरं कारण, एका वाक्यात. "त्याचे आधीचे आईबाबा सापडले." "ते आजारी आहे, डॉक्टर त्याच्यावर उपचार करताहेत." पिल्लू दगावलं असेल तर तेही सांगावं, "झोपलं" असं म्हणू नये, मुलं झोपायला घाबरू लागतात. "उद्या दुसरं आणू" हे त्याच दिवशी नको. चित्र काढणं, त्याला पत्र लिहिणं चालेल.

सागरगोटा
मुळात पक्कं होईपर्यंत मुलांना सांगूच नये.

चिमणराव
@सागरगोटा, अगदी लहान मुलांसाठी पटतं. पण सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना भेटीला नेणं गरजेचं असतं, बऱ्याच संस्था घरातल्या सगळ्यांना भेटल्याशिवाय देतच नाहीत. मधला मार्ग म्हणजे "आपण भेटायला चाललोय, आणायला नाही" असं स्पष्ट सांगून नेणं.

तांबूस_शेपटी
अवांतर प्रश्न: एकाच वेळी दोन-तीन संस्थांत फॉर्म भरावा का?

ओलीमाती
मला चुकीचं वाटतं. एका जनावराला हो म्हणून दुसरीकडे नाव ठेवायचं म्हणजे तिथल्याला तुम्हीही तेच दुःख देता.

रानजाई
फॉर्म भरणं आणि हो म्हणणं यात फरक आहे. फॉर्म तीन ठिकाणी असू द्यावा, तिघांनाही तसं सांगावं. एकाला हो म्हटलं की त्याच दिवशी बाकी दोघांना कळवावं. न सांगता ठेवणं चुकीचं, एवढंच.

ओलीमाती
असं असेल तर हरकत नाही.

काजवा
एक सावधगिरी. नुकतं दत्तक मोडलेली माणसं फसवणाऱ्यांना लगेच सापडतात, कारण ती घाईत असतात. "तसंच दिसणारं पिल्लू आहे, आधी वाहतुकीचे पैसे पाठवा" असा मेसेज आला तर थांबा. प्रत्यक्ष किंवा लाइव्ह व्हिडिओवर, तुम्ही सांगाल ती गोष्ट करताना जनावर दिसलं पाहिजे. लसीकरणाचं कार्ड, त्यावर डॉक्टरांचा शिक्का, चिप नंबर. यातलं काही नसेल तर पैसे नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं, आईपासून तोडलेलं पिल्लू तर अजिबात नको.

गोधडी
मग दुसऱ्याचा विचार कधी करावा? लोक म्हणतात लगेच आणा म्हणजे विसराल.

तांबूस_शेपटी
दिवस मोजून सांगता येणार नाही, पण तपासायच्या गोष्टी आहेत. ज्या कारणाने मोडलं ते संपलं का? (परवानगी, जाळी, सफाई, ॲलर्जी.) नव्या जनावराची माहिती वाचताना त्याच्या सवयी दिसतात, की "त्याच्यासारखे कान" एवढंच? पहिल्यासाठी ठरवलेलं नाव नव्याला द्यावंसं वाटतंय का? वाटत असेल तर आणखी थांबा.

घाईचा तोटा जनावराला होतो. नव्या घरात पहिले ३ दिवस भांबावलेपण, ३ आठवड्यांत दिनक्रम कळणं, ३ महिन्यांत घर आपलं वाटणं असा ढोबळ अंदाज सांगतात. त्या पहिल्या दिवसांत ते लपणार, जेवणार नाही, कोपऱ्यात शू करणार. मनात दुसरंच पिल्लू असलेलं माणूस इथे कंटाळतं आणि परत नेऊन देतं. परत दिलेल्या जनावराला तिसरं घर मिळणं आणखी अवघड होतं.

मऊपंजा
हात रिकामे वाटत असतील तर मधल्या काळात अल्पकाळ फॉस्टर करा. किंवा निवाऱ्यातल्या कुत्र्यांना फिरवायला जा. संस्था तुम्हाला ओळखायला लागते आणि कुठलं जनावर तुमच्या घराला साजेसं आहे हे त्यांनाच आधी कळतं.

सागरगोटा
नुकतं मन दुखावलेल्याने फॉस्टर करू नये असं मला वाटतं. दोन आठवड्यांनी त्यालाही सोडायचं, म्हणजे तीच जखम पुन्हा.

मऊपंजा
@सागरगोटा, काहींच्या बाबतीत खरं आहे. त्यांनी फिरवण्यापुरतंच जावं.

शेवंती
सगळ्यांचे आभार. रानजाई आणि काजवा यांनी सांगितलेलं धरून संस्थेला पाठवायच्या निरोपाचा मसुदा करते आहे, सुधारणा सुचवा:

"नमस्कार. ___ आम्हाला मिळणार नाही हे कळलं, वाईट वाटलं. नेमकं कारण कळवू शकाल का? आमच्या घरातली काही उणीव असेल तर स्पष्ट सांगा, आम्ही दुरुस्त करून फोटो पाठवू. कारण आजारपण असेल तर ते बरं झाल्यावर आमचा पुन्हा विचार कराल का? तसं नसेल तर आमचा फॉर्म चालू ठेवावा. आमच्याकडे ___ (आधीची जनावरं, मुलांची वयं, दिवसभर घरी कोण असतं). सध्या आम्ही ___ पर्यंत थांबणार आहोत, त्यानंतर कळवलंत तरी चालेल."

रानजाई
छान आहे. "मोठं किंवा बुजरं जनावरही चालेल का" याचं खरं उत्तर त्यात घाला. चालत नसेल तर तसंही लिहा. आणि उपचारांच्या खर्चाला हातभार लावायची तयारी असेल तर ती वेगळ्या मेसेजमध्ये सांगा, नाहीतर पैसे देऊन रांगेत पुढे जायचंय असा अर्थ निघतो.

डॉ_पिंपळपान
आजारी असेल तर आजाराचं नाव आणि टेस्टची तारीख विचारणारी एक ओळही घाला. तुमच्या घरी दुसरं जनावर असेल आणि भेट झालेली असेल तर ती माहिती तुमच्या व्हेटला त्याच दिवशी हवी.